गिरणीवरच्या दोन खोल्या

त्या गावात जन्मलेलं पहिलं मूल मावशीच्या हातावर आलं. तेव्हा त्याला गाव म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. नदीकाठी चौदा कुटुंबं गाड्यांतून उतरली होती, झाडं पाडत होती, ताडपत्रीखाली झोपत होती. अशाच एका ताडपत्रीखाली भरदुपारी मावशीच्या थोरल्या जावेला कळा सुरू झाल्या. मावशी तेव्हा कुणाचीच मावशी नव्हती. बाविशीतली पोरगी, सुताराची बायको. आईच्या हाताखाली चार-पाच बाळंतपणं पाहिली होती, तेवढीच काय ती शिदोरी. नवऱ्याची पटाशी उकळत्या पाण्यातून काढून तिने नाळ कापली. मुलगा झाला. थोरली घामाने निथळत होती, पण हसून म्हणाली, "धाकटे, तुझ्या हाताला यश आहे गं."

झालं. पुढची कित्येक वर्षं वस्तीतली एकही बाळंतीण तिच्यावाचून सुटली नाही. पोरं बोलायला लागली तशी तिला मावशी म्हणू लागली, मग त्यांच्या आया म्हणू लागल्या, आणि शेवटी शेवटी तर तिच्याहून वयाने मोठे बाप्येसुद्धा.

थोरला दीर हिकमती माणूस. त्याने ओढ्याला बांध घालून पिठाची गिरणी उभी केली. धाकटा, म्हणजे मावशीचा नवरा, सुतार. पहिली दोन वर्षं रविवारची उपासना मावशीच्या घरात व्हायची, कारण फळ्यांची जमीन असलेलं घर तेवढं एकच होतं. पाद्री महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचा, उरलेल्या रविवारी गिरणीवाला शास्त्र वाचायचा. तिसऱ्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून चर्च बांधलं. गिरणीवाल्याने लाकूड दिलं, सुताराने हात दिले, बाकीच्यांनी खांदे दिले. दर शनिवारी दोघी जावा मिळून ते झाडायच्या. एक केरसुणी मारायची, दुसरी बाकं पुसायची, आणि दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. "पाद्रीबाबांच्या प्रवचनाला आरंभ आहे गं," थोरली म्हणायची, "शेवट मात्र आपण आपल्याच घरी जाऊन करायचा." मावशीला हसू आवरायचं नाही. देवाच्या घरात असं खिदळू नये म्हणून दोघी बाहेर पायरीवर येऊन हसायच्या.

पायपेटीने सगळा घोळ केला.

पाद्रीच्या कुणा आत्याने शहरातून वाजवायची पायपेटी भेट पाठवली. भात्यासकट, खोक्यात गवत भरून. गिरणीवाला म्हणाला, चर्चमध्ये हे यंत्र नको. देवाने गळा दिलाय तो काय फक्त जेवायला? सुतार पडला मिश्किल. भर सभेत म्हणाला, "अरे दादा, तुझा गळा ऐकूनच देवाने पेटी पाठवली असेल."

लोक हसले. ते हसणं गावाला फार महाग पडलं. गिरणीवाला उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला. त्याच्यामागे नऊ घरं गेली. वर्षभरात रस्त्यापलीकडच्या चढावर दुसरं चर्च उभं राहिलं, बिनपेटीचं. एकतीस उंबऱ्यांच्या गावाला दोन चर्चं, दोन पाद्री, दोन घंटा आणि दोन कबरस्तानं झाली. वरचं आणि खालचं. नदीवर धुण्याचे दगडसुद्धा वरचे आणि खालचे झाले. लोक एकमेकांना पाण्यात पाहू लागले. मावशी तेवढी दोन्हीकडे जायची, कारण पोटातल्या पोराला वरचं-खालचं कळत नाही.

थोरलीला मात्र ते कळलं. शेंडेफळाच्या वेळी तिने मावशीला बोलावलं नाही. गिरणीवाल्याने मनाई केली होती म्हणे, आणि थोरली गप्प बसली. वरच्या चर्चमधली एक बाई आणली, जिने गाईगुरांपलीकडे कुणाचं बाळंतपण पाहिलेलं नव्हतं. रस्ता ओलांडला की थोरलीचं घर. मावशी आपल्या स्वयंपाकघरात बाह्या वर करून बसली होती, चुलीवर पाणी उकळत होतं, आणि समोरून थोरलीचं ओरडणं ऐकू येत होतं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत. पाणी आटलं की मावशी पुन्हा भांडं भरायची. कुणी तरी येईल, असं तिला दर ओरडण्यासरशी वाटायचं. कुणी आलं नाही. मुलगी झाली, जगली. थोरली मात्र दोन महिने अंथरुणातून उठली नाही.

त्या दिवसानंतर दोघी रस्त्यात समोरासमोर आल्या तरी नजर खाली घालून जायच्या.

पुढे दोन वर्षांत मावशीच्या हाताखाली तीन बायका गेल्या. एकीचा रक्तस्राव थांबेना, एकीचं मूल आडवं होतं, तिसरीला ताप चढला तो उतरलाच नाही. मावशीला आपली झेप किती हे ठाऊक होतं. ती शाळामास्तरकडे गेली आणि म्हणाली, "मास्तर, शहरातल्या डॉक्टरांच्या कॉलेजला पत्र लिहा. आम्हाला एक डॉक्टर हवा म्हणावं." मास्तरने लिहिलं. उत्तर यायला पाच महिने लागले, पण आलं. एक तरुण डॉक्टर यायला तयार होता, गावाने घर द्यावं एवढीच अट. तेव्हा कधी नव्हे ते दोन्ही चर्चचे पंच भर रस्त्यात उभे राहून एकमताने बोलले. कुणाच्याच चर्चच्या जवळ नको, मधोमध घर बांधायचं. लाकूड दोन्हीकडचं, काम सुताराचं. सुताराने फळ्या कापल्या, रंधल्या आणि वाळायला आपल्या शेडमध्ये रचून ठेवल्या. मावशी येता-जाता त्या फळ्यांवरून हात फिरवायची. जावयाच्या वाटेकडे डोळे लागावेत तसे तिचे डोळे त्या डॉक्टरच्या वाटेला लागले होते.

अशात वरच्या चर्चवर मनोरा चढायला लागला. गिरणीवाल्याने बाहेरगावचे दोन सुतार आणले होते. खालच्या चर्चचा पाद्री रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून तो मनोरा किती वर गेला ते पाहायचा, आणि पाहून झालं की सुताराकडे यायचा. एका आठवड्यात सुतार विरघळला.

"अगं, वसंतात नव्या फळ्या कापतो ना," तो मावशीला म्हणाला. "डॉक्टर काय उद्या येतोय?"

"पाद्रीबाबांना म्हणावं, मनोऱ्यात बाळंतपणं होतात का?"

"तू पण ना! दादाचा मनोरा आपल्यापेक्षा उंच झाला तर लोक काय म्हणतील?"

फळ्या मनोऱ्यात गेल्या. खालचा मनोरा वरच्यापेक्षा दोन हात उंच झाला. आणि पानगळीच्या दिवसांत, एका मंगळवारी, डॉक्टर खरोखरच आला. सोबत सहा महिन्यांची पोटुशी बायको, तीन पेट्या आणि पुस्तकांचं एक पोतं.

"घर कुठलं?" त्याने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा आपोआप वर, नव्या लाकडाच्या मनोऱ्याकडे गेल्या.

दोन दिवस डॉक्टर आणि त्याची बायको सुताराच्या शेडमध्ये लाकडाच्या भुशावर गादी टाकून झोपले. दोन्ही चर्चचे लोक येऊन बोलावून गेले. खालचे म्हणाले, आमच्या पाद्रीकडे राहा, रविवारी फक्त आमच्याकडे या. वरचे म्हणाले, आमच्याकडे राहा, पण त्या पेटीपाशी जायचं नाही. डॉक्टरने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी कुठेच जात नाही हो. रविवारी मी झोपतो. ज्याच्याकडे दोन खोल्या आहेत आणि अट नाही, त्याच्याकडे हिवाळाभर राहीन. नाहीतर शुक्रवारी गाडी परत जाते आहे." असं काही कुणी आजवर ऐकलेलं नव्हतं. दोन्हीकडचे लोक आपापल्या बाजूला निघून गेले.

गुरुवारी दुपारी मावशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. कुंपणाशी थोरली येऊन उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"धाकटे, डॉक्टर अजून तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे."

"गिरणीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी यांना कबूल करवलंय. दोन दिवस जेवले नाही, तेव्हा कुठे 'हो' म्हणाले. अट काही नाही. त्याला सांग. मी स्वतः सांगितलं असतं, पण मी तुमच्या दारात गेले असं कळलं तर हे पुन्हा बिथरतील." तिने कुंपणावर हात ठेवला. "पोरं आहेत गं आपली. डॉक्टर जाऊ नये."

मावशी हातातली चादर झटकत राहिली. थोरलीच्या चेहऱ्यात तिला काही तरी हवं होतं. चुकले, असं एक वाक्य. ते काही आलं नाही. थोरलीला घाई होती, ती सारखी रस्त्याकडे पाहत होती.

"सांगते," मावशी म्हणाली.

सांगायचं तिच्या मनात होतं. हे तिने पुढे स्वतःला हजार वेळा बजावलं, आणि ते खरंही होतं. पण त्या दुपारी डॉक्टर एका म्हाताऱ्याचा पाय बघायला गेला होता. तो परतला तेव्हा मावशी स्वयंपाकात होती. आणि स्वयंपाक करता करता तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: डॉक्टर गिरणीवर राहणार. लोक म्हणणार, गिरणीवालीने डॉक्टर ठेवून घेतला. पत्र कुणी लिहवलं, वाट कुणी पाहिली, हे कोण विचारतंय. डॉक्टरच्या बायकोचं बाळंतपणही त्याच माणसांच्या छपराखाली होणार, ज्यांनी मला बोलावलं नाही. एवढा क्षुल्लक विचार होता तो. पण क्षुल्लक खडाच चपलेत जास्त टोचतो.

शुक्रवारी सकाळी पेट्या गाडीवर चढल्या. डॉक्टरच्या बायकोने मावशीचा हात धरला. "तुम्ही खूप केलंत आमचं. खरं सांगू, मला राहायचं होतं. कुणाकडेच नसतील का हो दोन खोल्या?"

मावशी म्हणाली, "नाहीत हो. असत्या तर सांगितल्या नसत्या का?"

शब्द तोंडातून गेले, आणि गाडीही गेली. त्याच संध्याकाळी थोरली कुंपणाशी आली तेव्हा मावशीने दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सहज सांगितलं. "त्याच्या बायकोला गिरणीचा आवाज नको होता." थोरली मान हलवून परत गेली.

डॉक्टर नदीच्या खालच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या दुसऱ्या गावात जाऊन राहिला. तो हिवाळा बरा गेला. मावशीने तीन बाळंतपणं केली, तिन्ही सुखरूप. तिला वाटलं, बघा, काही बिघडलं का? वसंतात सुताराला नव्या फळ्या कापायच्या होत्या, पण डॉक्टरच नाही तर घर कुणासाठी, म्हणून ते राहूनच गेलं.

दुसऱ्या हिवाळ्यात घटसर्प आला.

आधी लोहाराच्या मुलाचा घसा दुखायला लागला. मावशीने त्याला दिव्यासमोर बसवून तोंड उघडायला लावलं. घशात मागे राखाडी साय धरली होती, दुधावर धरते तशी, पण चिवट. बोळ्याने पुसायला गेली तर खालून रक्त आलं. तीन दिवसांत मुलगा गेला. गुदमरून, डोळे उघडे ठेवून, आईच्या हाताला नखं रुतवून. त्या आठवड्यात आणखी चार घरांत घसे दुखायला लागले. वरची घरं, खालची घरं. त्या सायीने भेदभाव केला नाही. प्रत्येक मुलामागे घंटा वाजायची. मग कुणीतरी सांगितलं की अंथरुणातली मुलं घंटा मोजतात आणि घाबरतात, तेव्हा दोन्ही पाद्र्यांनी दोर बांधून टाकले.

डॉक्टरला आणायला माणूस पाठवला. नदी अर्धवट गोठलेली, ना नाव चाले, ना वरून गाडी जाई. आठव्या दिवशी माणूस परतला. डॉक्टरच्या गावातही साथ होती, तिथली मुलं टाकून त्याला निघता येत नव्हतं. पण तो तिथे घशाला छेद देऊन श्वासासाठी नळी घालत होता, शहरातून मागवलेली लस टोचत होता. "तिथे तीन गेली," माणूस म्हणाला. "सगळी मिळून तीनच."

इथे तोवर अकरा गेली होती. ती सगळी मावशीच्या हातावर जन्मलेली, एकेकाची जन्मवेळ तिला पाठ. तिच्या स्वतःच्या बारा वर्षांच्या लेकीलाही झाला, आणि ती कशी कोण जाणे उठून बसली. लेकीने "भूक लागली" म्हटलं त्याच सकाळी गिरणीवाला दारात आला. भावाच्या घराची पायरी तो कित्येक वर्षांत चढला नव्हता. टोपी हातात होती.

"मावशी," तो म्हणाला. "दोन्ही पोरींना झालंय."

मावशी नऊ दिवस त्या घरात राहिली. मधली सहा वर्षांची, शेंडेफळ साडेचार. वाफ दिली, मिठाच्या पाण्याने घसे धुतले, बोटाला फडकं गुंडाळून साय ओढून काढली. शेंडेफळाने बोटाला कडकडून चावा घेतला. थोरली चुलीपाशी उभी राहून पाणी तापवत होती. पाणी आटलं की पुन्हा भांडं भरत होती. दोघींमध्ये कामापुरतं बोलणं होत होतं. मधली सहाव्या दिवशी गेली. शेंडेफळ नवव्या दिवशी, सकाळचं ऊन खिडकीत आलेलं असताना, मावशीच्या मांडीवर. थोरलीने मावशीच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "तू आलीस गं. तू आलीस, एवढं पुष्कळ झालं." मावशीला वाटलं, आत्ता छातीत काही तरी फुटेल. काहीही फुटलं नाही.

गावात त्रेचाळीस मुलं होती. सतरा गेली. शवपेट्या सुताराने केल्या, वरच्यांच्याही आणि खालच्यांच्याही. शेवटची झाल्यावर तो करवत घेऊन खालच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढला आणि फळ्या उचकटायला लागला. चार जणांनी त्याला खाली आणलं. तो चिखलात बसून म्हणत होता, "माझ्या फळ्यांनी मारली पोरं. मी घर बांधलं असतं तर तो इथे असता."

मावशी शेजारी उभी होती. घर नसतानाही तो इथे राहिला असता, हे त्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं. तिने त्याच्या खांद्यावर शाल टाकली.

त्या वसंतात सुताराने डॉक्टरचं घर बांधलं. चार खोल्या, मोठ्या खिडक्या, औषधांसाठी भिंतीत फडताळ. बैल गेला अन् झोपा केला, असं लोक मागून म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. कॉलेजला पुन्हा दोन पत्रं गेली. कुणी आलं नाही. पुढे त्या घरात लोक गवताच्या पेंढ्या ठेवायला लागले.

मावशीला ते सहन होईना. एका सकाळी ती धुण्याच्या घाटावर गेली. आता दगड वरचे-खालचे राहिले नव्हते. थोरली एकटीच होती.

"जाऊबाई, तुमचा निरोप मी डॉक्टरला दिलाच नाही."

थोरली चादर पिळत होती. "कसला निरोप?"

"दोन खोल्यांचा. त्याच्या बायकोने मला तोंडाने विचारलं होतं. मी नाहीत म्हणाले. गिरणीच्या आवाजाचं मी माझ्या मनाचं सांगितलं तुम्हाला."

चादरीतून पाणी गळायचं थांबलं, तरी थोरली पिळतच राहिली. मग म्हणाली, "का?"

"शेंडेफळाच्या वेळी तुम्ही मला बोलावलं नाही म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

मावशी गुडघे टेकून बसली. तिला वाटलं होतं, थोरली झिंज्या धरेल, नदीत ढकलेल, आरडाओरडा करून गाव गोळा करेल. त्यासाठीच ती आली होती. थोरलीने चादर टोपलीत टाकली.

"मग आता तरी कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "इतके दिवस मी देवाला शिव्या घालत होते. तो ऐकून घेत होता. तेवढाच आधार होता गं मला. तोही काढून नेलास."

टोपली उचलून ती चढ चढून गेली. निम्मे कपडे धुवायचे राहिले होते.

मावशी कितीतरी दिवस दारावर थाप पडायची वाट पाहत राहिली. गिरणीवाला येईल, पंच येतील. कुणी आलं नाही. थोरलीने अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्याला सांगायचं मावशीने पुष्कळदा ठरवलं. त्याच्या डोक्यावरचं ओझं निदान अर्धं झालं असतं. पण तोंड उघडलं की थोरलीचं ते वाक्य आठवायचं. आपण सांगितलं की समोरच्याचं काहीतरी हिरावलं जातं, अशी धास्ती तिने घेतली. आणि खरं सांगायचं तर ते एक निमित्तही होतं. सुतार हळूहळू बोलायचा बंद झाला. फळ्या मोजत बसायचा. सहा वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला, तो आपणच सतरा मुलं मारली या समजुतीत गेला. शेवटच्या दुपारी मावशी त्याच्या उशाशी होती. तेव्हाही तिने सांगितलं नाही.

लोक गाव सोडून जायला लागले. आधी ज्यांची मुलं गेली ते, मग ज्यांची राहिली ते. दोन पाद्री पोसायला घरं उरली नाहीत, तेव्हा दोन्ही चर्चं एक झाली. समेट वगैरे झाला नाही. भांडायला माणसंच पुरेनात. मावशी बाळंतपणं करत राहिली, कारण दुसरं कुणी नव्हतं. थोरली तिच्यापुढे दोन बाकं सोडून बसायची. घाटावरच्या त्या सकाळनंतर ती मावशीशी एक शब्द बोलली नव्हती.

मावशी साठीला आली तेव्हा नवा पाद्री आला. तरुण, कामसू. गावाच्या आरंभीचा इतिहास लिहून चर्चच्या वहीत ठेवायचा त्याने घाट घातला. पहिल्यांदा आलेल्यांपैकी बोलता येणारी माणसं तीन-चारच उरली होती. त्याने मावशीला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, वही उघडली. चौदा कुटुंबं, पहिलं मूल, पहिलं चर्च, दुसरं चर्च. मावशी सांगत गेली, तो लिहीत गेला.

"आणि डॉक्टर का राहिला नाही?"

मावशीने सगळं सांगितलं. कुंपण, निरोप, गाडी, दोन्ही खोटी वाक्यं. ती सांगत असताना टाक चालत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं.

"मावशी," पाद्री हळूच म्हणाला, "तुमच्या यजमानांनी जाण्यापूर्वी तेव्हाच्या पाद्रीबाबांना सगळं सांगितलंय. नोंद आहे माझ्याकडे. फळ्या मनोऱ्याला वापरल्या, घर वेळेत झालं नाही. तुम्ही त्यांचं ओझं स्वतःच्या अंगावर घेऊ पाहताय. मोठं मन आहे तुमचं. पण इतिहासात असं चालत नाही."

"अहो, मी खोटं कशाला बोलू? माझं नाव लिहा."

"त्या दिवसांत तुम्ही किती मुलांची सेवा केलीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. माणूस थकला की स्वतःलाच दोष देतो." त्याने टाक दौतीत बुडवला आणि तिच्यासमोर लिहिलं. तिला जेमतेम वाचता यायचं, पण तेवढी ओळ तिने लावून वाचली. सुताराच्या हातून घर वेळेत न झाल्याने डॉक्टर निघून गेले.

ती तिथून तडक गिरणीवालीच्या घरी गेली. थोरली अंगणात बाकावर शेंगा सोलत बसली होती. नातू पायाशी रांगत होता. मावशी कुंपणाच्या आत शिरली. तिला धाप लागली होती.

"जाऊबाई, एकदा पाद्रीबाबांकडे चला. ते माझं ऐकत नाहीत. भावोजींनी खोल्या कबूल केल्या होत्या, तुम्ही मला निरोप दिला होता, एवढंच सांगा. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावावर लिहिलंय हो सगळं. तो बिचारा काही..."

थोरलीने मान वर केली. इतक्या वर्षांनी तिने मावशीच्या डोळ्यांत पाहिलं. तिला सगळं आठवत होतं. प्रत्येक शब्द, प्रत्येक दिवस. ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"मी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही," ती म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली.

मावशी कुंपणाची कडी लावून रस्त्यावर आली. कुंभाराच्या सुनेचे दिवस भरत आले होते, तिच्याकडे त्या आठवड्यात एकदा जाऊन यायचं होतं. मावशी त्या वाटेला लागली.